सात फॅन, एक हेडर: कॅबिनेटचे फॅन हबवर जोडायची सगळी भानगड

परभणीत मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करत बसणं काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. पेपरात पारा ४३-४४ छापून आलेला, कूलरच्या टाकीत पाणी नाही, पार्टी दर तासाला फोन करून विचारायली की "झाली का हो कॅसेट" (अजून कॅसेटच म्हणतात, पेनड्राइव्ह नेतात), आणि इकडं मशीन एक्स्पोर्ट अर्ध्यावर आलं की गपकन बंद. माझं असंच व्हायचं. कॅबिनेटसोबत (कॉम्प्युटरचा डबा) आलेले दोन फॅन पुरत नव्हते म्हणून मी अजून पाच घेतले, आणि मदरबोर्डावर फॅन लावायची जागा, म्हणजे हेडर, एकच मोकळा होता तर वायच्या केबलला (एकाची दोन टोकं करणारी) वायची केबल लावत लावत ते पाचही तिथंच लटकवले. आठ-दहा दिवस मस्त चाललं. मग एका संध्याकाळी लाईट गेली, आली, मी बटण दाबलं आणि पाचही फॅन गप्प. बोर्ड वाचला पण तो हेडर कायमचा गेला.

तेव्हापासून ह्या हबच्या, म्हणजे बरेच फॅन एकत्र जोडायच्या पट्टीच्या, नादाला लागलो. आता सात फॅन एका हबवर आहेत, दुसरा मे चाललाय, मशीन बंद पडलेलं नाही. तुम्ही नवीन असाल तर माझ्यासारखं हेडर जाळून शिकू नका, खाली क्रमानं सांगतो.

पण आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. शेतातल्या बोरच्या मोटरीला करंट कुठून येतो? डीपीवरून. मोबाईलवरून मिस कॉल देऊन आपण ती चालू करतो, पण मोबाईलमधून काही मोटरीला करंट जात नाही, तो फक्त हुकूम देतो. फॅन हबचं तसंच आहे. करंट पॉवर सप्लायमधून, म्हणजे एसएमपीएसमधून येतो, आणि किती जोरात फिरायचं एवढा हुकूम बोर्डाकडून येतो. मी काय केलं होतं, तर मोबाईलवरच मोटर चालवायला निघालो होतो.

१. आधी फॅनच्या वायरीचं टोक बघा

खरेदीला जायच्या आधी कॅबिनेट उघडून प्रत्येक फॅनच्या वायरीच्या टोकाला किती भोकं आहेत ते मोजा. चार प्रकार सापडतील.

४ पिनचा फॅन म्हणजे पीडब्ल्यूएम. एक पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी फॅन किती आरपीएमनं (मिनिटाला किती फेरे) फिरायलाय ते बोर्डाला सांगणारी, चौथी बोर्डाचा हुकूम आणणारी. ह्याला १२ व्होल्ट कायम पूर्ण मिळतात, चौथ्या पिनवरून सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद असा सिग्नल येतो, आणि त्यात 'चालू'चा वाटा किती यावर फॅन आपला वेग ठरवतो.

३ पिनच्या फॅनला ती चौथी पिनच नाही. त्याचा वेग कमी करायचा तर १२ व्होल्टच कमी करावे लागतात, ह्याला डीसी मोड म्हणतात.

तिसरा प्रकार मोठ्या पांढऱ्या मोलेक्स कनेक्टरचा. स्वस्त कॅबिनेटसोबत बहुतेक हेच येतात. ह्याचा वेग कमी-जास्त होत नाही, लाईट आहे तोवर फुल.

आणि चौथा ६ पिनवाला, जो रंगीत लाइटच्या तीन-पाच फॅनच्या सेटमध्ये छोट्या रिमोटसोबत येतो. हा त्या सेटच्या डब्यावरच चालतो, दुसऱ्या कुठल्याच हबवर बसत नाही. मला विचाराल तर असा सेट नवा घेऊच नका, रिमोट हरवला की फॅन कोणत्या वेगावर अडकतील ते रामभरोसे.

एक जुना धोका, वायरीच्या रंगावर जाऊ नका. जुन्या ३ पिन फॅनमध्ये लाल वायर १२ व्होल्टची आणि पिवळी आरपीएमची असते, तर ४ पिनमध्ये पिवळीच १२ व्होल्टची. म्हणजे वायर कापून टेप लावून जोड मारायची सवय असेल (आपल्याकडं कोणाला नाही?) तर इथं ती मोडा. आजकाल तर सगळ्याच वायरी काळ्या येतात.

२. अँपिअरची बेरीज करा

फॅनच्या मधोमध स्टिकर असतो, त्यावर १२ व्होल्टच्या पुढं अँपिअर लिहिलेलं असतं. ०.१५, ०.१८, ०.३० असं काहीतरी. सगळ्या फॅनची बेरीज करा.

माझ्याकडं तीन फॅन ०.१८ चे आणि चार ०.३० चे. एकूण झाले १.७४ अँपिअर. बोर्डाच्या साध्या फॅन हेडरची ताकद बहुतेक वेळा १ अँपिअर असते, म्हणजे १२ वॉट. मी त्या एका हेडरवर चार मोठे आणि एक छोटा लटकवला होता, १.३८ अँपिअर. शिवाय थांबलेला फॅन जागचा उठताना जरा जास्तच करंट ओढतो, म्हणून तर ते लाईट जाऊन आल्यावर गेलं, सगळे एकदमच उठायला लागले. भाचा शेजारी उभा होता, म्हणाला, "मामा, स्टिकरवर लिहिलंय की." त्याला आईस्क्रीम देऊन गप्प बसवावं लागलं.

आता हिशोब सोपा आहे. दोन फॅन असतील आणि बेरीज १ अँपिअरच्या बरीच खाली असेल तर साधी वाय केबल चालते, हबवर खर्च करू नका. तीन झाले तरी बेरीज बघून ठरवा. चार-पाचच्या पुढं गेलात तर सरळ हब.

पाण्याच्या पंपासाठी (प्रोसेसर पाण्यानं थंड करतात त्याचा) काही बोर्डांवर २ किंवा ३ अँपिअरचा हेडर असतो, तो बोर्डाच्या माहितीपुस्तकात बघून खात्री करा. अंदाजानं नाही.

३. हब कोणता घ्यायचा

दुकानात नुसतं "फॅन हब द्या" म्हणलात तर काहीही हातात ठेवतील, कारण दिसायला सगळे सारखेच, एक पट्टी आणि त्यावर दहा खाचा.

एक असतो नुसता वाटप करणारा, त्याला एसएमपीएसची वायरच नसते. म्हणजे ती हबच्या वेशातली वाय केबल. सगळा भार त्याच एका हेडरवर. हा सोडून द्या, आणि ऑनलाइन घेताना फोटोत हबला साटाची (हार्डडिस्कला पॉवर देतात तसली) चपटी काळी शेपटी दिसतेय का ते झूम करून बघा. मी पहिल्यांदा हाच घेऊन बसलो होतो, परत करायला सात दिवस गेले.

दुसरा, जो घ्यायचाय, तो साटा पॉवरवाला पीडब्ल्यूएम हब. एक वायर एसएमपीएसला, एक वायर बोर्डाच्या हेडरला, आणि बाकी खाचांत फॅन. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात, एकेक दीड अँपिअरची, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॉट. माझे १.७४ त्यात आरामात बसतात. डीपकूलचा एफएच-१० किंवा आर्क्टिकचा केस फॅन हब ह्याच जातीतले, दोन्हीला दहा-दहा फॅन लागतात. परभणीत दुकानात मला मिळाला नाही, संभाजीनगरला जाणाऱ्या एका पाहुण्याला सांगितलं तर तो लॅपटॉपखाली ठेवायचा कूलिंग पॅड घेऊन आला, शेवटी ऑनलाइनच मागवला.

ह्यात एक गोम आहे आणि नव्वद टक्के नवी माणसं इथंच फसतात असं माझं मत. असा हब फॅनला १२ व्होल्ट कायम पूर्ण देतो आणि चौथ्या पिनवरचा हुकूम पुढं पाठवतो. मग चौथी पिन नसलेला ३ पिनचा फॅन त्यावर लावला तर तो हुकूम घेणार कुठून? रात्रंदिवस फुल स्पीड. खराब होत नाही, पण पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. काही हब पीडब्ल्यूएम सिग्नल वाचून स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतात, तुमच्याकडं सगळे ३ पिनचेच असतील तर असा शोधा, डब्यावर ३ पिन फॅनचा स्पीड कंट्रोल होतो असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर ३ पिनवाले एक-दोन फॅन थेट बोर्डाच्या हेडरला डीसी मोडवर लावा आणि ४ पिनवाले हबवर. मी तेच केलंय एका मशीनवर.

तिसरा प्रकार युएसबीवाल्या कंट्रोलरचा, स्वतःच्या सॉफ्टवेअरसकट. बोर्डावर आतली ९ पिनची युएसबी जागा मोकळी लागते आणि एक सॉफ्टवेअर कायम चालू. शौक असेल तर घ्या, कामाच्या मशीनला मी लावणार नाही.

४. काय काय लागेल

- साटा पॉवरवाला पीडब्ल्यूएम हब
- एसएमपीएसमधून निघालेलं एक मोकळं साटा पॉवर टोक
- बोर्डावर एक मोकळा ४ पिन हेडर (सिस फॅन किंवा चासिस फॅन असं छापलेला)
- चांगल्या टोकाचा फुली स्क्रूड्रायव्हर, फॅनचे स्क्रू जाड असतात आणि लवकर झिजतात
- प्लास्टिकचे टाय आणि कात्री
- मोबाईलचा टॉर्च, वाटी (स्क्रू ठेवायला), एक उदबत्ती

साटाचं टोक मोकळं नसेल तर बाजारात मोलेक्सवरून साटा करणारी वायर मिळते. त्यातही ज्याच्या टोकाला वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात तो अजिबात घेऊ नका, आत वायर वायरीला टेकून ते टोक वितळल्याची, जळल्याची उदाहरणं लई आहेत. आणि ज्यांचा एसएमपीएस सुट्या केबलींचा आहे त्यांनी दुसऱ्या एसएमपीएसची केबल उसनी आणून लावायची नाही. टोक बसतं, पण आतल्या वायरींचा क्रम कंपनीप्रमाणं, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलप्रमाणं वेगळा असतो. १२ व्होल्टच्या जागी ५ आणि ५ च्या जागी १२ गेले की हब तर जातोच, सोबत हार्डडिस्कपण, आणि तिच्यात कोणाच्या तरी लग्नाचा डेटा असतो.

५. जोडणी, ह्याच क्रमानं

मशीन बंद करा, मागचं बटण बंद करा, प्लग काढा, मग पुढचं पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट उतरतो. आपल्याकडं कित्येक घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागं वायरच नसते, त्यामुळं चालू कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. तुमच्याकडं तसं होत असेल तर हबच्या आधी वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या.

फॅन बसवताना तोंड बघा. फॅनची एक बाजू मोकळी दिसते आणि दुसरीकडं मोटर धरणाऱ्या चार दांड्या दिसतात. हवा मोकळ्या बाजूनं आत शिरते आणि दांड्यांच्या बाजूनं बाहेर पडते. माझं असं आहे: पुढं तीन आत, खाली एक आत, मागं एक बाहेर, वर दोन बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जरा जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, जे काय यायचं ते जाळीतून गाळून येतं. काळ्या मातीच्या प्रदेशात एप्रिल-मेच्या वावटळीत ह्याचा फरक डोळ्यांना दिसतो.

मग हब कुठं चिकटवायचा ते ठरवा. बोर्डाच्या मागच्या बाजूला, जिथं उजवीकडचं झाकण येतं, तिथं जागा असते. सोबत दुहेरी टेप येतो. पुण्यात चिकटून राहत असेल, आपल्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी हब सुटून वायरीला लोंबकळत होता. प्लास्टिकच्या टायनं दोन ठिकाणी आवळा.

आता फॅनच्या वायरी हबमध्ये. हबवर एक खाच वेगळी असते, लाल रंगाची किंवा १ नंबर लिहिलेली. आरपीएम फक्त ह्याच खाचेतून बोर्डाकडं जातात, कारण सात फॅनचे आकडे एकाच वायरीवर पाठवले तर बोर्डाला काहीच कळणार नाही. ही खाच रिकामी ठेवायची नाही. मी तिथं मागचा बाहेर टाकणारा फॅन लावलाय, तो बंद पडलेला मला सगळ्यात आधी कळायला पाहिजे. बाकीच्यांतला एखादा मेला तर बोर्ड सांगणार नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

त्यानंतर हबची ४ पिनची वायर बोर्डाच्या सिस फॅन हेडरला, आणि सगळ्यात शेवटी साटा. साटाचं टोक इंग्रजी एलसारखं वाकडं असतं, उलटं जात नाही, जात नसेल तर जोर लावू नका.

प्रोसेसरचा फॅन हबवर आणू नका. तो सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरलाच राहू द्या. पाण्याचा पंप असेल तर तोही त्याच्या जागेवर.

६. बायोसमध्ये हुकूम सेट करा

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबा. असुसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन अशा नावानं पान सापडेल. हब ज्या हेडरला लावलाय तो निवडा आणि मोड ऑटो किंवा डीसीवर असेल तर पीडब्ल्यूएम करा. हे विसरलात तर बाकी सगळी मेहनत वाया, कारण डीसीमध्ये बोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करत बसतो आणि हबला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मग कर्व्ह. किती तापमानाला किती टक्के. खोलीच ४० ची असेल तर आतलं तापमान ४० च्या खाली कुठलाच फॅन नेऊ शकत नाही, त्यामुळं युट्यूबवर थंड देशातल्या माणसानं दाखवलेला कर्व्ह इथं उतरवला की फॅन दिवसभर बोंबलत राहतात. माझा उन्हाळ्याचा कर्व्ह असा: ५० अंशापर्यंत ४० टक्के, ६५ ला ६०, ७५ ला ८०, ८५ ला १००. हिवाळ्यात सगळं दहा-दहा टक्क्यांनी खाली. फॅन एका सेकंदाला वर, दुसऱ्याला खाली असं करत असतील तर त्याच पानावर वेग बदलायला किती वेळ घ्यायचा ते असतं, ते वाढवा.

ज्यांचा एक्स्पोर्ट ग्राफिक्स कार्डवर चालतो त्यांना बायोस पुरत नाही. बायोस सहसा प्रोसेसरचं तापमान बघून फॅन फिरवतो, इकडं कार्ड ८० ला गेलेलं आणि कॅबिनेटचे फॅन निवांत. विंडोजवर 'फॅन कंट्रोल' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसर आणि कार्ड यांतलं जे जास्त तापलंय त्यावर फॅन चालवता येतात. अर्धा तास डोकं खातं पण एकदा बसलं की बसलं.

७. चालतंय का ते बघा

झाकण लावायच्या आधी चालू करा आणि सगळे फॅन एकेक करून बघा. मग झाकण लावून उदबत्ती पेटवा आणि पुढच्या जाळीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मागं धरा, तिथं धूर लांब फेकला गेला पाहिजे. माझा वरचा एक फॅन उलटा बसला होता ते ह्यानंच कळलं, नुसतं बघून कळलं नव्हतं. (आईला वाटलं नव्या फॅनची पूजा करायलाय. करून घेतली मग, हळदकुंकू बाहेरूनच.)

गडबड असेल तर लक्षणांवरून सापडते. एकही फॅन हलत नाही, तर साटाचं टोक ढिलं आहे. सगळे फुल वेगानं ओरडायलेत आणि बायोसचं ऐकत नाहीत, तर हबपासून बोर्डाकडची वायर निघालीय किंवा मोड चुकलाय, हुकूम नसला की ४ पिनचा फॅन स्वतःहून फुलवर जातो. फिरतायत पण बायोस शून्य आरपीएम दाखवतो, तर लाल खाच रिकामी आहे. एकच फॅन बंद, तर त्याची खाच बदलून बघा, दुसऱ्या खाचेतही उठला नाही तर फॅन गेला.

८. रंगीत लाइट असेल तर

लाइटची वायर वेगळी असते आणि तिचा फॅनच्या हबशी संबंध नाही. एआरजीबी म्हणजे ५ व्होल्ट, त्याच्या टोकाला चार जागा पण एक बुजवलेली, पिना तीनच. साधं आरजीबी म्हणजे १२ व्होल्ट, पिना चार. ५ वाली वायर १२ वर कशीतरी कोंबली की लाइट कायमचे विझतात. बोर्डावर बाजूला ५ व्ही की १२ व्ही छापलेलं असतं, टॉर्च मारून वाचा.

९. साफसफाई

जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटकायची, पाण्यानं धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही. आतली सफाई मी वर्षातून दोनदा करतो, उन्हाळा संपला की एकदा आणि पोळ्याला एकदा, तिकडं बैल धुवायले असतात आणि मी इकडं कॅबिनेट अंगणात काढतो. ब्लोअर मारताना पात्याला बोट लावून फॅन धरून ठेवा. हवेच्या जोरानं त्याला भिंगरीसारखा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलट करंट तयार करून हबकडं ढकलू शकते. भाच्याला भिंगरी करायला लई आवडतं, म्हणून ब्लोअर माझ्याकडं आणि बोट लावायचं काम त्याच्याकडं.